जाळी बसवण्याआधी

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलणं जमत नाही. बाबा चिडतात, आई रडवेली होते आणि शेवटी "तुला पुण्यात बसून काय कळणार इथलं" असं म्हणून फोन ठेवला जातो. म्हणून लिहिते आहे. दोघांनी मिळून वाचा आणि कृपा करून कॉलनीच्या ग्रुपवर टाकू नका.

मागच्या गल्लीत दोन घरं फुटली, हे खरं. कोपऱ्यावरच्या काकूंचं गंठण मोटरसायकलवाल्यांनी ओढून नेलं, हेही खरं. पण त्यानंतर आपल्या घरात जे जे बदललं, त्यातल्या निम्म्याअधिक गोष्टींचा त्या चोऱ्यांशी काडीचा संबंध नाही. बाबांचं पहाटेचं फिरणं बंद. आईचं संध्याकाळचं देऊळ बंद. आता गॅलरीसकट सगळ्या खिडक्यांना लोखंडी जाळी बसवायची म्हणता, आणि वर घर विकायचाही विचार चाललाय.

आपल्या भागात गुन्ह्यांचं प्रमाण अख्ख्या सोलापुरात सगळ्यात जास्त, असं ग्रुपवर कुणीतरी लिहिलं आणि सगळ्यांनी हात जोडले. बाबा, तुम्ही जन्मभर गणित शिकवलंत. हे प्रमाण एक लाख लोकसंख्येमागे काढतात. आपल्या कॉलनीत लहानथोर मिळून अडीचशे माणसं धरू. वर्षात एक घरफोडी झाली की लाखामागे ४००. दोन झाल्या की ८००. पुढच्या वर्षी एकही झाली नाही तर शून्य. म्हणजे यंदा आपण शहरातली सगळ्यात वाईट वस्ती आणि पुढच्या वर्षी सगळ्यात सुरक्षित? असं उत्तर लिहिणाऱ्या पोराला तुम्ही बाकावर उभं केलं असतंत. एवढ्याशा जागेत आकड्याला अर्थ नाही. चोरी कशी झाली, ते विचारावं.

ते मी शेजारच्या काकांना विचारलं. दोन्ही घरांना बाहेरून कुलूप होतं. एक कुटुंब सुट्टीत गावाला, दुसरं लग्नाला. दोन्हीकडे कडी-कोयंडा तोडला. खिडकीला कुणी हातही लावला नाही. गेटला लाइटबिल तसंच अडकवलेलं. आणि मुख्य म्हणजे पाणी. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतो तेव्हा गल्लीतलं एकूण एक घर जागं असतं, मोटारी चालू, पाइप लावलेले. त्या वेळी जे घर अंधारात, ते रिकामं. हे ओळखायला चोराला फार डोकं लागत नाही.

तेव्हा जाळीचा खर्च दारावर करा. बाहेर लोंबणारं कुलूप काढून दाराच्या आत बसणारं लॉक लावून घेऊ. गावाला जाताना विजापूर नाका ठाण्यात कळवायचं आणि गेटची किल्ली समोरच्या अक्कांकडे द्यायची. पाण्याच्या दिवशी त्या येऊन हौद भरतील, दिवा लावतील. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. आई, "अंगावर आहे तेवढंच" हे मला सांगू नकोस. ज्वारीच्या डब्यातलं मला माहीत आहे, म्हणजे आणखी चार जणांना माहीत असणार. आणि जाळीला आतून कुलपं लावल्यावर रात्री काही जळलं, तर बाबांचे गुडघे घेऊन तुम्ही किल्ली शोधणार?

ग्रुपवरची दुसरी गोष्ट मला जास्त लागली. चोर सापडलेला नाही, तरी "सेटलमेंटकडचीच पोरं" असं लिहून मोकळे. बाबा, खाली तुमचाही अंगठा होता. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि पुढे आपल्या गावात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेऱ्या घेतल्या; तीच ही सेटलमेंट. १९५२ मध्ये तो कायदा गेला. त्या वस्तीतली पोरं तुमच्याच वर्गात बसली आणि त्यातला एक अजून दिवाळीला तुमच्या पाया पडायला येतो. त्याने तो मेसेज पाहिला तर? अंगठा काढून टाका.

आता ज्याची मला खरी भीती वाटते, ते. चोराला तुमचं दार तोडावं लागतं. फोनवाल्याला तुम्ही स्वतःच आत घेता. "आज रात्री वीज तोडणार", "तुमच्या नावाने पार्सल सापडलंय, व्हिडिओ कॉल बंद करू नका, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय". अशी अटक कायद्यात कुठेच नाही. कुणाच्या नावाने लग्नपत्रिकेची फाइल आली आणि शेवटी एपीके (म्हणजे फोनमध्ये ॲप घुसवणारी फाइल) असेल, तर आई, उघडायची नाही, लग्न कितीही जवळचं असू दे. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसायचं नाही. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पळतात, बँकेला अडवता येत नाहीत. सोलापूरकराला हा नंबर पाठ करावा लागू नये, इंग्रजांनी इथे मार्शल लॉ लावला तेच साल. बाकी कशालाही ११२.

रस्त्यावरही एक सोंग आहे: साध्या कपड्यातले "पोलीस" म्हाताऱ्या माणसाला थांबवून म्हणतात, पुढे तपासणी चाललीय, अंगठी-चेन काढून रुमालात बांधा. खरे पोलीस असं कधीच सांगत नाहीत. तिथल्या तिथे मोठ्याने ओरडायचं.

आणि बाबा, काकूंचं गंठण ओढलं तेव्हा ती मोटरसायकल तुम्ही पाहिली, पण ठाण्याच्या चकरा नकोत म्हणून बोलला नाहीत, असं आईकडून कळलं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत साठीच्या पुढच्या साक्षीदाराला ठाण्यात बोलवता येत नाही, घरी येऊन विचारावं लागतं. बाईमाणसाला तर कुठल्याही वयात. पोलिसांना घरी बोलवा, चहा द्या आणि पाहिलं ते सांगा.

फिरणं उद्यापासून सुरू करा. पहाटे चार म्हातारी माणसं बोलत चालली आहेत, अशा गल्लीत गंठण ओढायला कोण थांबतो? रस्ता मोकळा झाला तो तुम्ही सगळे घरात बसलात म्हणून. एकट्याने नको, पाटील काकांना हाक मारा. त्यांचंही फिरणं तुमच्यामुळेच थांबलंय.

शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनेच येते आहे. गाडी रात्री पोचते म्हणून बाबांनी स्टेशनावर यायचं नाही, मी रिक्षा करीन. जाळीवाल्याला दिलेला आगाऊ पैसा परत मागून घ्या, आणि कुलूपवाल्याला रविवारी सकाळी बोलावून ठेवा; पाण्याचा दिवस असेल तर दुपारी.

तुमची,
धाकटी