गुरांच्या डॉक्टरांना, पुस्तकांच्या पिशवीबद्दल

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सा. न. वि. वि.

आटपाडीहून वडापच्या जीपवाल्याकडं तुम्ही दिलेली पिशवी सांगलीत पोचली, एवढं फोनवर सांगून झालंय. पण त्या पिशवीनं घरात काय केलं ते फोनवर सांगता आलं नसतं. तुमचं कौतुक सुरू झालं की तुम्ही लगेच ‘आबांची शुगर कितीये’ असं विचारून विषय तोडता, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून हे चारचौघांत, लेखी. नाव घालत नाही. राजदूत मोटारसायकल, कॅरेजला बांधलेली औषधांची पेटी आणि पेटीत सुयांच्या डब्याखाली एक पुस्तक, एवढ्या खुणांवर माणदेशातली बरीच माणसं तुम्हाला ओळखतील.

आई गेल्यावर आबा आमच्याकडे राहायला आले. रान अर्धलीनं दिलं, जनावरं विकली. मोतीबिंदू काढला तरी बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. माझा मुलगा पाचवीत. खोली एकच, दोघांची. आबांना गुरांशिवाय बोलायला विषय नाही आणि पोराला शेळी-मेंढीतला फरक सांगता येत नाही. आठवडाभरात दोघांनी एकमेकांकडे तक्रारीचे म्हणून जेवढे शब्द होते तेवढे संपवले, मग उरला टीव्ही. तुम्ही फोनवर विचारलंत, ‘रात्री जेवणं झाल्यावर घरात काय असतं?’ मी खरं ते सांगितलं. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत. पुढच्या आठवड्यात पिशवी आली: ‘पाडस’, ‘सत्तांतर’ आणि तुमची ती जुनी इंग्रजी ‘ब्लॅक ब्यूटी’. वर चिठ्ठी, प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर: ‘दोघांना वेगवेगळं वाचून दाखवू नकोस.’

आभार खरं तर या एका ओळीचे आहेत. मी एकटी असते तर मुलासाठी चित्रांचं काहीतरी आणलं असतं, आबांसाठी हरिपाठ, आणि दोघं आणखी लांब गेले असते.

‘पाडस’नं सुरुवात केली. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ही कादंबरी १९३८ची, दुसऱ्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं, आणि राम पटवर्धनांनी ती अशी मराठीत आणली की फ्लोरिडातलं ते रान वाचताना परकं म्हणून वाटतच नाही. आबांना तर नाहीच नाही. गोष्टीतल्या ज्योडी नावाच्या पोराच्या बापाला साप चावतो, तो तिथल्या तिथे हरिणी मारून तिचं काळीज जखमेला लावून विष ओढायला बघतो, हे ऐकून आबा म्हणाले, “कोंबडीचं लावत्यात आपल्याकडं. उपेग न्हाय त्याचा.” तुम्ही असता तर तिथे अर्धा तास गेला असता.

मग त्या हरिणीचं मागं राहिलेलं पिल्लू ज्योडी घरी आणतो आणि पोराचा चेहरा फुलतो. पाडसाला दूध कसं पाजतात, ते घरात कुठं झोपतं, रोज तोच विचार. आबा मात्र गप्प. त्यांना पुढचं दिसत होतं. एक वर्ष सरतं, पाडस मोठं होतं आणि मक्याच्या कोवळ्या रोपांवर येतं. बाप अंथरुणाला खिळलेला. ज्योडी पुन्हा मका टोकतो, कुंपण उंच करतो, अंगात नाही तेवढं काम करतो. आणि ते हरीण कुंपण सहज ओलांडून आत येतं.

“हरणाला कुंपण?” आबा म्हणाले. “सागरेश्वरच्या कडंला ज्येंची रानं हायती त्येंना इचार म्हणावं.”

पोराला सागरेश्वरचं अभयारण्य म्हणजे शाळेची सहल. चितळ, सांबर, काळवीट बघायचं आणि डबा खायचा. तिथली हरणं रात्री उतरून शेतात येतात, हे त्यानं पहिल्यांदा ऐकलं आणि पुस्तक बाजूला ठेवून दोघांचं भांडण सुरू झालं. खरं भांडण, आवाज चढवून. आबांचं म्हणणं, “वरीसभराचं पोटाचं हाय त्ये. बापानं काय करावं?” पोराचं म्हणणं, हरणाला काय माहीत मका कुणाचा. मी मध्ये होते आणि माझं लक्ष तिसरीकडेच, ज्योडीच्या आईकडे. कॉलेजात वाचलं तेव्हा ती मला निव्वळ कजाग वाटली होती. या वेळी दिसलं की अगोदरची कितीतरी मुलं पुरलेली बाई आहे ती, आणि घरातल्या धान्याचा हिशेब एकटी तीच ठेवते. बंदूक तिच्याच हातून चालते, नेम चुकतो आणि उरलेलं काम पोरावर येतं.

ते प्रकरण वाचून झाल्यावर मुलगा रडला. आबा रडले नाहीत. त्यांनी सर्जा बैलाचं सांगितलं. डॉक्टर, मला सर्जा विकला हे माहीत होतं, कसा विकला हे नव्हतं. २०१२-१३चा दुष्काळ, चारा छावणीतला ऊस खाऊन हगवणीला लागलेली जनावरं, तुम्ही रोज तिथे असायचात. आबांनी त्याला बाजारात नेला, पैसे मोजून घेतले, दावं तेवढं परत आणलं. “गिऱ्हाईक कोण हुतं त्ये मला कळलं हुतं,” एवढंच म्हणाले. माझ्या आईलाही त्यांनी हे सांगितलं होतं की नाही कोण जाणे. सांगितलं ते दहा वर्षांच्या नातवाला, कारण त्या रात्री त्या खोलीत तोच एक जण असा होता ज्यानं नुकतंच एक जनावर गमावलं होतं.

‘सगळ्या वयांसाठी’ असं पुस्तकांवर छापतात तेव्हा त्याचा अर्थ बहुधा ‘कुणालाच टोचणार नाही’ असा असतो. प्राण्यांच्या चांगल्या कादंबऱ्या उलट्या आहेत. प्रत्येक वयाला त्या टोचतात, फक्त वेगळ्या जागी. मूल पाडसाच्या जागी बसतं, तरुण ज्योडीच्या, आणि शेतावर पोट असलेला म्हातारा बापाच्या. गोष्टीत भूक, भीती, पिल्लू आणि राहायची जागा एवढंच भांडवल असतं. ते कळायला शिक्षण लागत नाही, इंग्रजी लागत नाही, वय लागत नाही.

मात्र यात तुमची एक अट आहे, ती मी विसरलेले नाही. ‘जनावर जनावरासारखं वागतंय का ते बघ.’ मी सातवीत असताना तुम्ही आमच्या गायीला घटसर्पाची लस टोचता टोचता मला हे सांगितलं होतंत. पंचतंत्रातले करटक-दमनक म्हणजे कोल्ह्याचं कातडं पांघरलेले दरबारी, ते शहाणपण शिकवायला आहेत, त्यांना शेपूट असली काय नि नसली काय. कादंबरीतल्या कोल्ह्याला नाक असलं पाहिजे, त्याला वारा कुठून येतो ते कळलं पाहिजे. नंतर तुम्ही अमेरिकेतल्या त्या जुन्या वादाची गोष्ट सांगितलीत. १९०३मध्ये जॉन बरोज या निसर्ग-लेखकानं प्राण्यांच्या खोट्या गोष्टी लिहिणाऱ्यांवर तोफ डागली, १९०७मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट त्यात उतरले आणि लांडग्या-कुत्र्यांच्या झुंजीवरून कादंबरीकार जॅक लंडनलाही झोडपलं. लंडननं पुढच्या वर्षी उत्तर दिलं. देशाचा अध्यक्ष लांडगा कसा लढतो यावर वाद घालतोय, याचं तुम्हाला फार अप्रूप होतं. आमच्याकडे पुढारी बैलगाडी शर्यतीपुरते जनावराकडे बघतात, असंही तुम्ही म्हणाला होतात. ते मी लिहायला नको होतं बहुतेक.

तुमच्या अटीला पुरून उरतं ते ‘सत्तांतर’. व्यंकटेश माडगूळकर आपल्याच तालुक्यातले, माडगूळ्याचे, म्हणून नव्हे. वानरांच्या टोळीवरची ही छोटी कादंबरी, १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. त्यात वानरं माणसांसारखी बोलत बसत नाहीत. टोळीत माद्या, पिल्लं आणि सत्ता असलेला एक नर. बाहेर बिनटोळीचे नर टपलेले. सत्ता बदलली की दुधावरच्या पिल्लांच्या जिवावर बेतायचं. हा प्रकार जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकात आपल्या शेजारच्या धारवाडकडच्या जंगलात टिपला होता, आणि सारा हर्डी यांचं अबूच्या वानरांवरचं पुस्तक १९७७चं. माडगूळकरांची कादंबरी त्यानंतरची, पण तिच्यात कुठे अभ्यासाचा वास येत नाही. सारखं वाटतं की हा माणूस झाडाखाली तासन्‌तास बसलेला आहे.

पिल्लांवर हल्ला होतो ती पानं मी गाळणार होते. आबा म्हणाले, “वाच की. त्याला काय मारुतीच्या देवळातली वानरं म्हाईत न्हाईत व्हय?” पोरगा घाबरला नाही. चिडला. नव्या नराला शिक्षा कोण देणार, हा त्याचा प्रश्न. कुणीच देणार नाही हे पटायला त्याला दोन-तीन रात्री लागल्या आणि आबा त्या काळात ग्रामपंचायतीतल्या जुन्या भानगडी आठवून एकटेच हसत होते. एकच पुस्तक चालू होतं, डॉक्टर.

‘ब्लॅक ब्यूटी’ मी इंग्रजीवरून बघत बघत माणदेशी बोलीत सांगितली, ती तशीच छान लागते. ॲना स्यूएलच्या पायाला चौदाव्या वर्षी दुखापत झाली, पुढे धड चालता आलं नाही, घोडागाडीवरच तिचं हिंडणं-फिरणं. ही तिची एकुलती एक कादंबरी १८७७च्या अखेरीस आली आणि काही महिन्यांत ती गेली. लिहिली होती ती मुलांसाठी नाही, घोडे हाकणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या माणसांसाठी. मुलांनी ती नंतर पळवली. घोड्यानं मान ताठ ठेवून रुबाबदार दिसावं म्हणून जो लगाम आवळून बांधत, त्याचं वर्णन आलं तेव्हा आबांनी हात वर करून मला थांबवलं आणि नातवाला खांदेसूज म्हणजे काय ते सांगितलं. उसाच्या गाडीचं जू, कारखान्याच्या रांगेत रात्र रात्र जुंपून उभे बैल, खांदा कसा सुजतो, कसा फुटतो. पोरानं बैलगाड्या बघितल्या होत्या, खांदे नव्हते बघितले.

आणि तुमच्या पेन्सिलीच्या खुणा. घोडा पळून पळून घामानं निथळत आलाय, नवखा पोऱ्या त्याला बादलीभर गार पाणी पाजतो, अंगावर झूल घालत नाही, आणि घोडा आजारी पडतो, त्या पानाच्या कडेला तुमचं अक्षर: ‘हे गावात सांगणे.’ सांगितलं होतंत की नाही माहीत नाही. आबा म्हणतात, सांगितलं होतं, आणि कुणी ऐकलं नव्हतं.

रिचर्ड ॲडम्सच्या सशांची गोष्ट, ‘वॉटरशिप डाउन’, तुम्ही पिशवीत घातली नाहीत, पण लस टोचायच्या दिवसांत गोठ्याबाहेर बसून मला तोंडी सांगितली होती, तीच मी आता माझ्या पद्धतीनं पुढे सांगतेय. गाडीतून जाताना लेकींना रमवायला सांगितलेली गोष्ट, अनेक प्रकाशकांनी परत केलेली, १९७२मध्ये एका छोट्या प्रकाशकानं काढलेली. लहानांना भाषा जड जाईल आणि मोठी मुलं सशांचं वाचणार नाहीत, अशी प्रकाशकांची भीती. आमच्या खोलीत बसवायला हवं होतं त्यांना. घर बांधायला माणसं येणार म्हणून बीळ सोडून निघालेले ससे, एवढं कळल्यावर आबांनी पहिला प्रश्न विचारला तो पुनर्वसनाचा: “जागा कुठं दिली मग त्येंना?”

मुलाचा प्रश्न वेगळाच. २०२१च्या डिसेंबरात मार्केट यार्डात गवा शिरला होता, पोरगा तेव्हा लहान होता तरी माणसांची गर्दी त्याला आठवते. आत्ता अचानक म्हणाला, “आई, तेव्हा सगळे गव्याकडं बघत होते. गव्याला काय दिसलं असेल?” हळदीची पोती, शटर, ट्रकचे दिवे, मोबाईल धरलेले हात. आम्ही तिघांनी मिळून ती रात्र गव्याच्या बाजूनं सांगायला घेतली आहे. आबा वासाचं बघतात, कारण गव्याला हळदीचा वास कसा लागेल यावर त्यांचं ठाम मत आहे. ते बरोबर आहे का हे तुम्ही सांगायचं.

पुस्तकं नीट आहेत. ‘पाडस’ची सुटलेली पानं बाइंडिंगवाल्याकडून शिवून घेतली. पुढच्या पिशवीत पोराला जॅक लंडनचा लांडगा हवाय, आणि इथे अडचण आहे. माळावर मेंढरांमागं आयुष्य काढलेल्या धनगरांशी आबांची सोयरिकीसारखी दोस्ती, त्यांच्या वाड्यावर पडलेले लांडगे त्यांनी पाहिलेत. लांडग्याची बाजू घेणारं पुस्तक आपण ऐकणार नाही, असं त्यांनी जाहीर केलंय. पोरगा हट्टाला पेटलाय. मी कुणाचीच समजूत काढणार नाही. पुस्तक या वेळी वडापनं पाठवू नका, स्वतः घेऊन या आणि आबांशी तुम्हीच काय ते भांडा. मुक्कामाला या, भाकरी-पिठल्याची सोय आहे, आणि शुगर तेव्हाच तपासून घ्या.

आपली,
तुमच्या पेटीतली पुस्तकं न विचारता उघडणारी