पाहुणा किती दिवसांचा

जॉर्जटाऊन, पेनांग
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. निवृत्तीनंतर तू आणि वहिनी रत्नागिरीचे घर भावाच्या हवाली करून काही वर्षे इकडे राहण्याचा विचार करीत आहात, हे वाचून फार बरे वाटले. मात्र ‘आग्नेय आशियातला कोणता देश परक्या माणसाला आपलेसे करतो?’ या तुझ्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देणे मला जमेना, म्हणून हे पत्र लांबणार आहे. सिंगापुरात नऊ वर्षे, मग काही महिने फिलिपाइन्समधल्या सेबूत, बँकॉकमध्ये चार वर्षे आणि २०१८ पासून इथे मलेशियातल्या पेनांगमध्ये, असा माझा मुक्काम झाला. एवढ्या काळात एक गोष्ट मला नीट कळली. तिथली माणसे आपल्याशी कशी वागतात आणि तिथले सरकार आपल्याला काय समजते, हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि बहुतेक ठिकाणी ते एकमेकांशी जुळत नाहीत.

थायलंडपासून सुरुवात करतो, कारण तुझा ओढा तिकडेच दिसतो. थाई माणसाइतके सौजन्य मी दुसरीकडे पाहिलेले नाही. आमच्या गल्लीतली फळवाली पपई कापून देताना हिच्यासाठी न चुकता एक फोड जास्त ठेवी आणि आम्ही चार दिवस दिसलो नाही तर इमारतीच्या पहारेकऱ्याकडे चौकशी करी. त्या भाषेत गोऱ्या माणसाला ‘फरांग’ म्हणतात आणि आपल्यासारख्यांना ‘खॅक’. या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा, पण तो नेहमी आदरानेच उच्चारला जातो असे समजू नकोस. सीलोम रस्त्यावरचे मारिअम्मनचे देऊळ तमिळ लोकांनी एकोणिसाव्या शतकात बांधले. नवरात्रात तिथे थाई भक्तांची रीघ लागते, तरी सारे बँकॉक त्याला अजून ‘वाट खॅक’ म्हणजे पाहुण्यांचे देऊळच म्हणते. मला तर त्या देशाचे परकीयांविषयीचे सारे धोरण या एका नावात सापडते.

कारण कायदाही हेच म्हणतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने बँकेत ८ लाख बाट ठेवले किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न दाखवले, की निवृत्ताचा व्हिसा मिळतो. पण तो दरवर्षी वाढवून घ्यावा लागतो, दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवावा लागतो, आणि परका माणूस घरी राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत तशी वर्दी द्यावी लागते. एकदा माझ्या विसराळूपणामुळे ९० दिवसांची मुदत टळली आणि २,००० बाट दंड झाला. दंड घेणारी बाई इतकी गोड हसली की मीच तिचे आभार मानून बाहेर पडलो. परकीयाला जमीन घेता येत नाही. सदनिका घेता येते, पण इमारतीतल्या सदनिकांच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परकीयांच्या नावावर असू शकते. कायमच्या वास्तव्याचा परवाना एका राष्ट्रीयत्वाच्या वर्षाला जास्तीत जास्त १०० जणांना मिळतो, म्हणजे साऱ्या भारतीयांत मिळून शंभर. गंमत अशी की तिथल्या सरकारच्या ललितकला विभागाच्या मुद्रेवर गणपती आहे. देवाला नागरिकत्व केव्हाच मिळाले. भक्ताला मात्र तीन-तीन महिन्यांनी पत्ता द्यावा लागतो.

सिंगापूरचा कारभार नेमका उलटा आहे. तिथे कोणी उगाच हसत नाही. एका घराच्या भाड्याविषयी मी फोन केला, तेव्हा माझे नाव ऐकताच पलीकडच्या माणसाने घर गेले असे सांगितले, आणि तीच जाहिरात पुढे दोन आठवडे झळकत होती. तिथल्या भारतीयांपैकी बहुतेकांच्या पदरी असा एखादा फोन असतो. सरकारचा व्यवहारही रोखठोक आहे. आज तिथे एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीचा परवाना, हवा असेल, तर महिन्याला किमान ५,६०० सिंगापूर डॉलर पगार लागतो, वित्तक्षेत्रात त्याहून जास्त, आणि वयाबरोबर ही रक्कम चढत जाते. शिवाय २०२३ पासून गुण मोजले जातात, आणि त्या कंपनीत तुझ्या देशाचे लोक आधीच किती आहेत, हेही त्या गुणांत धरतात. परकीयाने घर विकत घेतले, तर किमतीच्या ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क आहे. तरीही सुमारे ६० लाखांच्या त्या बेटावर नागरिक जेमतेम ३६ लाख आहेत, हे ध्यानात घे. बाकीचे सगळे तुझ्यामाझ्यासारखे बाहेरून आलेले.

आणि तरी, या साऱ्या देशांत परक्याला खरोखर घरचा करून घेण्याची रीतसर वाट मला फक्त तिथेच दिसली. माझ्या एका सहकाऱ्याने सहकुटुंब कायम रहिवासाचा परवाना घेतला. पुढे मुलगा वयात आल्यावर कायद्याप्रमाणे त्याला दोन वर्षांची लष्करी सेवा करावी लागली. मुलाचे डोके भादरलेले पाहून त्याची आई रडली होती. पण त्या दोन वर्षांनंतर ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न त्या घराला पूर्वीसारखा कोणी विचारला नाही, कारण मुलाच्या पलटणीतले मित्र, चिनी, मलय, तमिळ, सगळे त्याच घरी जेवायला येऊ लागले होते. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात त्याच मुलाला सिंगापुरी इंग्रजीत स्वयंसेवकांना दटावताना मी ऐकले आहे. सिंगापूर फणसासारखे आहे म्हण हवे तर, पण गरे मोजून मिळतात, आणि तुझ्या-माझ्या वयाला तर ते कापतच नाहीत: निवृत्त होऊन नुसते राहायला येणाऱ्यासाठी तिथे व्हिसाच नाही.

फिलिपाइन्सचा अनुभव थोडा, पण मजेचा आहे. इंग्रजी सर्रास चालते, शेजारी वाढदिवसाला बोलावतात आणि गाणे म्हटल्याशिवाय सोडत नाहीत. भारतीय माणसाला तिथे ‘बुंबाय’ म्हणतात. हे आपल्या मुंबईचेच नाव. मोठ्या कांद्यालाही तिकडे तेच चिकटले आहे. मोटारसायकलवरून फिरून पाचाचे सहा करून वसूल करणाऱ्या पंजाबी सावकारांमुळे या शब्दाला थोडी दहशतही आहे, आणि दंगेखोर पोराला ‘बुंबाय घेऊन जाईल’ असे आया सांगतात. मी जन्माने मुंबईकर असल्याने मला हा शब्द लागला नाही. एका दिल्लीकर सहकाऱ्याला मात्र फार लागला. जमिनीची मालकी परकीयाला तिथे राज्यघटनेनेच नाकारली आहे. फिलिपिनो जोडीदाराशी लग्न केले की वास्तव्य सोपे होते, पण तो मार्ग तुझ्या उपयोगाचा नाही, आणि वहिनी हे पत्र वाचणार आहेत.

व्हिएतनाममध्ये निवृत्तांसाठी वेगळी सोय नाही. ९० दिवसांच्या ई-व्हिसावर ये-जा करीत राहावे लागते. कंबोडियात उलट एवढी मोकळीक आहे, की वर्षभराचा परवाना सहज मिळतो आणि डॉलरवर व्यवहार चालतो. पण मोठे दुखणे आले की लोक बँकॉक गाठतात, म्हणून साठीनंतर मी तो सल्ला कोणाला देणार नाही. इंडोनेशियातल्या वस्त्यांमध्ये ‘पाहुण्याने चोवीस तासांत वर्दी द्यावी’ अशा पाट्या दिसतात. संपूर्ण मालकीची जमीन तिथेही १९६० च्या कायद्याने फक्त नागरिकांनाच घेता येते. बालीत कित्येक परकीयांनी स्थानिक माणसाच्या नावावर जमिनी घेतल्या आहेत. असा व्यवहार तुला कोणी सुचवला तर त्याच्या हातचा चहासुद्धा घेऊ नकोस.

आता माझ्या पेनांगविषयी. तैपूसम या तमिळ सणाच्या रथापुढे रस्त्यावर चिनी भक्त नारळांचे ढीग फोडतात, असे हे गाव आहे. मला तमिळ येत नाही, ही गोष्ट बाजारातल्या म्हाताऱ्यांना अजून पटलेली नाही. मलेशियात सुमारे ७ टक्के लोक भारतीय वंशाचे आहेत, त्यामुळे आपला चेहरा इथे नवा वाटत नाही. मी २०१८ मध्ये ‘मलेशिया माय सेकंड होम’ योजनेखाली आलो, तेव्हा पन्नाशीपुढच्या माणसाला दीड लाख रिंगिटची ठेव पुरत होती आणि परवाना दहा वर्षांचा होता. २०२१ मध्ये अचानक ठेव १० लाख रिंगिट आणि मासिक उत्पन्न ४०,००० रिंगिट अशी अट जाहीर झाली. जुन्यांनाही ती लागू होणार अशी बातमी होती, आणि आम्ही कित्येक कुटुंबे तेव्हा सामान बांधायच्या तयारीत होतो. पुढे आम्हाला सूट मिळाली. पण घरचा माणूस आणि ठेवीदार यांतला फरक त्या दिवसांत कळला. २०२४ पासून मुख्य श्रेण्या तीन आहेत. त्यांतल्या सर्वांत खालच्या श्रेणीला दीड लाख अमेरिकी डॉलरची ठेव आणि निदान ६ लाख रिंगिटचे घर लागते, आणि मुदत पाच वर्षांची. तुझे तिकडचे सारे विकूनही तो मेळ बसेल असे मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ‘परकीय’ म्हणून आपण ज्यांची चर्चा करतो, ते आपल्यासारखे पैसा घेऊन आलेले लोक. माझ्या इमारतीचा पहारा करणारा नेपाळी माणूसही परकीयच आहे. कामाच्या परवान्यावर त्याला बायकोमुले आणता येत नाहीत. सिंगापुरातल्या बांधकाम मजुरांनाही हीच अट आहे. त्यामुळे अमुक देश परक्यांशी प्रेमाने वागतो, असे कोणी म्हणाले की आधी विचारावे, कोणत्या परक्यांशी?

तुझ्या घराजवळूनच थिबा पॅलेसचा रस्ता जातो. ब्रह्मदेशाच्या त्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि मरेपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, रत्नागिरीत ठेवले. राजा तिथे नजरकैदेतला परकाच राहिला, पण त्याची नात टूटू मराठी बोलत, मराठी घरात नांदत तिथलीच झाली. तिला कोणत्या सरकारने कोणता परवाना दिला होता, हे गावात कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही.

तेव्हा घर भावाला लगेच देऊन टाकू नकोस. सध्या भारतीयांना मलेशियात ३० दिवस व्हिसाशिवाय राहता येते. इथे पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत संगणकावर आगमनपत्रिका भरली की झाले. येत्या १ फेब्रुवारीला तैपूसम आहे. त्याआधी आठवडाभर या, आमच्याकडेच उतरा, मग बँकॉकला जाऊन तो ‘वाट खॅक’ही पाहून या. येताना घरची आमसुले आणावीत, असे हिने आवर्जून कळवायला सांगितले आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा.

तुझाच