दादा, त्या रात्री तुम्ही फोन ठेवला नाहीत

दादा, नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं दादा. मावसभावाचे कॉलेजमधले सिनियर, एवढीच तुमची ओळख. त्या दिवसापर्यंत मी तुमचा आवाजही ऐकला नव्हता.

२०२५ च्या मे महिन्यात, वळवाच्या पावसात, आमच्या कराडच्या घराजवळ वीज पडली आणि माझा संगणक गेला. त्याच्यावर मी अकरा वर्षं लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, ग्रामपंचायतीच्या निविदा लावत आले होते. लग्नसराई चालू, तीन पत्रिका अर्धवट. नवा मदरबोर्ड घेतला तर दुकानात सांगितलं, यावर लिनक्स चालणार नाही, विंडोजच टाका. पण माझी कामाची सगळी घडी डेबियनवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर, बसलेली. इंकस्केपमधल्या नक्ष्या, स्क्राइबसमधले साचे, सगळं तिथेच.

म्हणून तुम्हाला फोन लावला, तर तुमचा पहिला प्रश्न मदरबोर्डाबद्दल नव्हताच. "ताई, घरात अर्थिंग नीट आहे का?" नवा बोर्ड खोक्यातून काढण्याआधी वायरमनला बोलवा म्हणालात. त्याने भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडून दाखवलं, अर्थिंगची तार सॉकेटमागे सुटून लोंबत होती. जुन्या मदरबोर्डाला त्या सुटलेल्या तारेनेच मारलं की नाही कोण जाणे, पण तशीच ठेवून नवा जोडला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

मग ती रात्र. प्रोसेसर बसवला, रॅमच्या दोन्ही पट्ट्या बसवल्या, बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. बोर्डावर रॅमजवळचा छोटा दिवा पेटून राहिला. माझा हात पुन्हा बटणाकडे गेला, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "हात लावू नका. चहा टाका." डीडीआर५ रॅम पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड प्रत्येक पट्टीशी सिग्नलची वेळ जुळवत बसतो, त्याला काही मिनिटं लागतात, आणि एकदा जुळवलेलं तो लक्षात ठेवतो, हे तुम्ही मला चहा उकळेपर्यंत समजावलंत. मी परत आले तेव्हा पडद्यावर बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सेटिंगचं पान, आलेलं होतं. तुम्ही नसता तर मी पाच वेळा बंद-चालू करून बोर्डच खराब निघाला असं ठरवून टाकलं असतं.

त्यानंतर मी रडले, ते तुम्हाला फोनवर कळलं असेल. जुनी डिस्क बायोसमध्ये दिसत होती, पण सुरू करायच्या यादीत नव्हती. मला वाटलं, विजेने तीही गेली. अकरा वर्षं गेली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "डिस्क जिवंत आहे ताई. नव्या बोर्डाला तिची जुनी पद्धत कळत नाही, एवढंच." जुना बोर्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधून सुरुवात करायचा, नवा यूईएफआय नावाच्या नव्या पद्धतीचा, तो सुरुवातीसाठी डिस्कवर फॅट३२ मधला वेगळा कप्पा, म्हणजे ईएफआय पार्टिशन, शोधतो. ते माझ्या डिस्कवर कधी केलेलंच नव्हतं. भाचीच्या लॅपटॉपवर बनवलेला डेबियनचा लाइव्ह पेनड्राइव्ह (डिस्कवर काही न बसवता थेट त्यावरूनच चालणारा) लावला, जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली, आणि तुम्ही म्हणालात, "आता फोल्डर उघडा." पहिलंच नाव होतं २०१४ सालच्या एका बारशाच्या पत्रिकेचं. ती मुलगी आता पाचवीत आहे.

"सगळं दुसरीकडे उतरवून घेतल्याशिवाय जुन्या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही," हे तुम्ही तीनदा म्हणालात. तिन्ही वेळा बरं केलंत.

नव्या एसएसडीवर डेबियन १२ बसलं, पण इंटरनेट नाही. लॅन नाही, वायफायही नाही. दुकानदाराचं खरं ठरलं की काय, असं वाटलं. तुम्ही टर्मिनलवर यादी काढायला लावलीत आणि लॅनच्या ओळीतला आकडा एकेक अक्षर करून वाचायला सांगितलात. शेवटचे चार आकडे, ८१२६. लगेच तुमचा स्वर हलका झाला. ती पाच गिगाबिटची चिप कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ओळखू लागला आवृत्ती ६.९ पासून, वायफाय ७ ची माझी चिप ६.७ पासून, म्हणजे दोन्ही कर्नल २०२४ सालचे. माझ्या डेबियनचा कर्नल होता ६.१, डिसेंबर २०२२ चा. चूक कोणाचीच नव्हती, बोर्डच कर्नलपेक्षा तरुण होता. २०२३ पासून डेबियन फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, सोबतच देतं, पण कर्नलला ती चिपच ठाऊक नसेल तर त्याचा काय उपयोग!

मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा म्हणालात. मला ते सुचलं नसतं. मोबाइलवरून इंटरनेट आलं, बॅकपोर्ट्समधून, म्हणजे जुन्या डेबियनसाठी ठेवलेल्या नव्या आवृत्त्यांच्या साठ्यातून, नवा कर्नल आणि त्याची फर्मवेअर उतरली, संगणक पुन्हा सुरू केला, आणि लॅनच्या खाचेतला हिरवा दिवा लागला. रात्रीचा पाऊण वाजला होता. तुमची सकाळी सातची शिफ्ट असते हे मला दुसऱ्या दिवशी मावसभावाकडून कळलं. फोनवर तुम्ही एकदाही जांभई दिली नाहीत.

तिन्ही पत्रिका वेळेत छापून गेल्या. पैशांचं विचारलं तर तुम्ही विषयच बदललात, म्हणून हे पत्र. शिवाय एक गोष्ट तुम्हाला कळवायची राहिली आहे. ९ ऑगस्टला डेबियन १३ आलं. त्यात कर्नल मुळातच ६.१२ आहे. त्या रात्री तुम्ही सांगितलेला प्रत्येक आकडा मी वहीत लिहून ठेवला होता. ती वही उघडली, आधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, बॅकपोर्ट्सची ओळ काढली आणि अपग्रेड सुरू केलं. फोन शेजारी ठेवला होता, पण लावला नाही. दीड तासाने संगणक पुन्हा उभा राहिला. हिरवा दिवा लागला, वायफायही आलं.

तुमची,
कराडची डीटीपीवाली ताई