डॉपलरच्या खोलीतल्या सगळ्यांचे आभार

चालताना अण्णांच्या पोटऱ्या भरून यायच्या, थांबलं की उतार पडायचा. ‘वय झालं’ म्हणणारे पुष्कळ भेटले. डॉपलरने, म्हणजे ध्वनिलहरींनी पायातला रक्तप्रवाह बघून, तपासणारे तुम्ही भेटलात.

डॉक्टर मॅडम, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बाहेर एवढी रांग, तरी जांघेपासून घोट्यापर्यंत एकेक रोहिणी तुम्ही शांतपणे पाहिलीत आणि अण्णांकडे मशीनचा पडदाही वळवलात. लाल म्हणजे शुद्ध रक्त, निळं म्हणजे अशुद्ध, असं आम्ही धरून चाललो होतो. ते रंग फक्त प्रवाहाची दिशा दाखवतात म्हणे! निरोगी रोहिणीचा ठोका तीन टप्प्यांत उमटतो आणि अडथळ्यापुढे तो एकसुरी, मंद होतो, तेही ऐकवलंत. अण्णा तबल्याचे शौकीन. रिपोर्टआधीच डाव्या पायाचं त्यांना उमगलं.

घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजणारे दादा, तुमचेही आभार. घोट्याचा दाब दंडाच्या ०.९ पटीहून कमी आला तर रोहिणी अरुंद झाल्याची शंका घेतात. पण जुन्या मधुमेहात रोहिण्या कडक होतात आणि आकडा फसवा चांगला येऊ शकतो, म्हणून डॉपलर टाळू नका, हे तुम्हीच बजावलंत. सीटी अँजिओग्राफीच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनच्या, औषधाचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) बघणाऱ्या सिस्टर, धन्यवाद.

आणि व्हीलचेअरवाल्या मावशी, अण्णांची तंबाखूची डबी तुमच्याकडेच राहिली आहे ना? ती परत नको.