गेलेल्या माणसानं केलं काय, तेही छापा

संपादक महोदय,

कुणी मोठं माणूस गेलं की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत वय, आजार, मिळालेले पुरस्कार आणि मग कोणी कोणी शोक व्यक्त केला त्याची लांबलचक यादी असते. त्या माणसानं आयुष्यभर केलं काय आणि कसं केलं हे शेवटच्या दोन ओळीत, नाहीतर तेही नाही. याचं खरंच वाईट वाटतं म्हणून हे पत्र.

ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांचंच घ्या. १७ फेब्रुवारी २०२५ ला ८८व्या वर्षी गेले. १४ वर्षांचे असताना छातीचं मोठं ऑपरेशन झालं, अनोळखी लोकांच्या रक्तावर जीव वाचला, तेव्हाच ठरवलं की १८ पूर्ण झाले की आपणही द्यायचं. आणि दिलं, ८१ वर्षांचे होईपर्यंत, ११७३ वेळा! सुईची भीती मात्र कधीच गेली नाही, टोचताना ते दुसरीकडेच बघत बसायचे. त्यांच्या रक्तात अँटी-डी नावाची अँटीबॉडी, म्हणजे परक्या पेशी ओळखून त्यांच्याशी लढणारा घटक, भरपूर होती. आईचा ब्लड ग्रुप निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असला की आईचं शरीर बाळाच्या रक्तपेशींना परकं समजून त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करू शकतं, पहिलं बाळ बहुतेकदा निभावून जातं पण पुढच्याच्या जिवावर बेततं.. अँटी-डीचं इंजेक्शन वेळेत दिलं की हे टळतं, आणि हॅरिसन यांच्या प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवापासून, हेच इंजेक्शन बनायचं. त्यांच्यामुळे २४ लाख बाळं वाचली असा तिथल्या रेडक्रॉसचा अंदाज आहे, आणि स्वतःच्या मुलीलाही हे इंजेक्शन घ्यावं लागलं होतं. अशा माणसाला एक छोटी चौकट??

चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडाल १ ऑक्टोबर २०२५ ला ९१व्या वर्षी गेल्या, तेही भाषणांच्या दौऱ्यावर असताना. त्यांच्याबद्दल बरंच छापून आलं, पण १९६० मध्ये त्या टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात गेल्या तेव्हा त्यांच्याकडे कॉलेजची डिग्रीसुद्धा नव्हती हे किती जणांना माहितीये? तिथे त्यांनी पाहिलं की एक चिंपांझी वारुळात गवताची काडी घालायचा, वाळवी चिकटली की हळूच ओढून खायचा, कधी डहाळीची पानं काढून तिचीच काडी करायचा. अवजार बनवणं फक्त माणसालाच जमतं हा तोवरचा समज त्यामुळे मोडला. मला तर पुरस्कारांपेक्षा ती काडीच महत्त्वाची वाटते.

तर विनंती एवढीच की शोकसंदेश कमी करा आणि ती जागा कामाला द्या. शास्त्रातलं काम असेल तर ते सोपं करून सांगा, वाचकांना कळतं. लगेच दुसऱ्या दिवशीच हवं असंही नाही, आठ-पंधरा दिवसांनी रविवारच्या अंकात अर्धा कॉलम आला तरी आम्ही वाचू. आणि लिहायला माणसं कमी पडत असतील तर वाचकांकडून मागवा, बरेच जण आनंदानं लिहून पाठवतील.

आपला एक नियमित वाचक