‘सिद्ध केले’ म्हणण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विज्ञानाच्या बातम्यांत ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ हे शब्द वारंवार दिसतात, म्हणून हे पत्र. मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. सध्या ‘ज्ञान अनुभवातूनच येते’ म्हणणाऱ्या अनुभववादी तत्त्वज्ञांच्या नादी लागले आहे. सुरुवात लॉकपासून केली आणि डेव्हिड ह्यूमपाशी अडकले. आजवर जे घडत आले तेच उद्याही घडेल, हे कशावरून, असे तो विचारतो. ‘आजवर तसेच घडले म्हणून’ असे उत्तर द्यावे, तर जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले जाते. धुरावरून अग्नीचे अनुमान करणाऱ्यांना चार्वाकांनी जवळपास याच पेचात धरले होते: झालेले आणि होणारे सगळे धूर तुम्ही कधी पाहिलेत?

यावर ‘म्हणजे खरे असे काहीच नाही’ म्हणून मोकळे होणारे बरेच भेटतात. मला तो आळस वाटतो. विश्वास पुराव्याच्या प्रमाणात ठेवावा, असे ह्यूमनेच १७४८ साली लिहिले आहे.

ग्रहांचे उदाहरण घ्या. युरेनस न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा त्यापलीकडे आणखी एक ग्रह असावा असा हिशेब फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी मांडला. १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेतून नेपच्यून दिसला, सांगितलेल्या जागेपासून अंशभराच्या आत! पुढे बुधाच्या कक्षेतही फरक आढळला. त्याच माणसाने १८५९ मध्ये तोच तर्क लावला: सूर्य आणि बुध यांच्यामध्ये काहीतरी असले पाहिजे. त्या कल्पित ग्रहाला ‘व्हल्कन’ हे नावही मिळाले, काहींना तो ‘दिसला’सुद्धा. पण तो नव्हताच. शतकाला सुमारे ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) बुधाचा तो फरक १९१५ मध्ये आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांताने उलगडला. दोन्ही वेळा तर्काची धाटणी एकच होती. कुठे तो खरा आणि कुठे खोटा, हे दुर्बिणीला डोळा लावल्याशिवाय ठरले नसते. १८४६ मध्ये ‘न्यूटन कायमचा सिद्ध’ असा मथळा देणाऱ्याने १९१५ मध्ये काय छापले असते?

म्हणून विनंती एवढीच: निरीक्षणे किती होती, चुकीला वाव किती आणि दुसऱ्या कोणी पडताळणी केली का, हे बातमीत एका ओळीत द्यावे. मथळ्यात ‘पुरावा बळकट’ म्हटले तरी चालेल. जागेची अडचण असते, ठाऊक आहे. राशिभविष्याच्या रकान्यातून दोन ओळी सहज निघतील.

आपली,
एक वाचक