पंखा बंद करणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. सरकारी दवाखान्यात जाहीर कौतुकसुद्धा कधीकधी माणसाच्या अंगाशी येतं, आणि आमच्यामुळे तुम्हाला त्रास झालेला मला चालणार नाही. पण वाचलंत तर तुमचं तुम्हाला कळेल. इचलकरंजीचे अण्णा, डोक्यावर पांढरी टोपी, सोबत मुलगी. मी ती मुलगी.

अण्णांना कानाचं मशीन मिळालं, कागदपत्रं झाली, त्या सगळ्याबद्दल आभार आहेतच. पण मला लिहायचंय ते पंख्याबद्दल.

मे महिना होता. बाहेर रांगेत माणसं घामाने निथळत होती आणि तुमच्या कान तपासायच्या खोलीतला छताचा पंखा खडखडत होता. अण्णा खुर्चीवर बसले आणि सवयीने माझ्या तोंडाकडे बघायला लागले. दवाखान्यात जो तो माझ्याशीच बोलतो, हे त्यांनी कधीच मनाशी धरून टाकलं होतं. तुम्ही उठलात आणि पंखा बंद केलात. खिडकीचा उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल अशी खुर्ची सरकवून अण्णांच्या समोर बसलात आणि न ओरडता, सावकाश विचारलंत, "मामा, काम काय करत होता?"

अण्णांना पहिल्याच वेळी कळलं. "मागावर हुतो," ते म्हणाले.

"धोट्याच्या?" धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे पळतो तो.

"व्हय. सहा माग बघायचो. मिसरूड फुटायच्या आधीपास्नं."

ताई, तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. एका नामांकित डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून बघितलं आणि मला सांगितलं, "वय झालंय त्यांचं." अण्णांना तेव्हा साठीही लागली नव्हती. एका दुकानदाराने कान न तपासता मशीन गळ्यात मारलं. ते घट्ट बसत नव्हतं म्हणून सारखी शिट्टी वाजायची, आणि भांडं पडलं की अण्णा डोकं धरून बसायचे. बँकेत काचेपलीकडच्या साहेबांनी भरल्या रांगेत विचारलं, "बहिरे आहात का?" त्या दिवसापासून अण्णा बँकेत गेलेले नाहीत. या तिघांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

तुम्ही तपासणीचा आलेख अण्णांच्या हातात दिलात. माझ्या नव्हे. पेनाने रेघ दाखवत समजावलंत: वयाने कान गेला तर रेघ शेवटपर्यंत उतरतच जाते, आवाजाने गेला तर चार हजार हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक आवाजांच्या पट्टीत, खड्डा पडतो आणि पुढे ती जराशी वर येते. अण्णांच्या दोन्ही कानांना तो खड्डा होता. स, श, फ हे सगळे बारीक, वरच्या पट्टीतले आवाज. ते त्या खड्ड्यात जातात, स्वर तेवढे पोचतात. 'सात' म्हटलं की अण्णांना 'आत' ऐकू येतं. म्हणजे आवाज येतो, बोलणं कळत नाही. आणि मोठ्याने बोललं तर 'ओरडतीस कशाला' म्हणून ते का चिडतात, हेही त्या दिवशी कळलं. असा कान बारीक आवाज सोडून देतो आणि मोठा आवाज मात्र एकदम अंगावर आल्यासारखा घेतो.

"मामा, यात तुमचा काही दोष नाही," तुम्ही म्हणालात. "हे मागाच्या आवाजानं झालंय."

त्या वाक्याने काय झालं ते तुम्हाला माहीत नसेल. 'अण्णांचं लक्ष नसतं', 'सोयीचं तेवढं बरोबर ऐकतात', हे पै-पाहुण्यांनी वर्षानुवर्षं ऐकवलं होतं. एरवी त्यांना ऐकू येत नाही, पण हे टोमणे तोंडं बघून नेमके कळायचे. भजनी मंडळात टाळ चुकायला लागला तसं गुरुवारचं जाणं सुटलं. फोन बंद झाला. लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरून जेवणाची वाट बघायची. रात्री सगळं शांत झालं की म्हणायचे, "कानात माग चालतोय माझ्या, बंदच होईना." ती त्यांच्या मनाची कल्पना नाही, कानाच्या याच दुखण्याचा भाग आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं.

आता तो आलेख चार घड्या करून शर्टाच्या खिशात असतो. भेटेल त्याला उघडून दाखवतात, खड्ड्यावर बोट ठेवून सांगतात, "हे बघ, मागानं खाल्लं."

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला. तेव्हापासून या गावाने उभ्या देशाला कापड दिलं, महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणून नाव कमावलं. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो. नियम म्हणतो, ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार, १०० ला दोनच. अण्णांची पाळी बारा तासांची, मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. माग थांबला की पैसे थांबले. कारखान्यांच्या कायद्याच्या अनुसूचीत आवाजाने येणारं बहिरेपण हा नोंदवायचा आजार म्हणून लिहिलेला आहे. आमच्या गल्लीत पन्नाशीच्या पुढचा बहुतेक प्रत्येक मागवाला तोंडाकडे बघून बोलतो, पण अशी नोंद झालेला एकही माणूस मला माहीत नाही. बोट तुटलं तर निदान दिसतं तरी.

तुम्ही खोटी आशाही दाखवली नाहीत. आतल्या कानातल्या पेशी एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत, मशीन मदत करेल, पण पहिल्यासारखं होणार नाही, असं स्पष्ट सांगितलंत. पक्ष्यांमध्ये, अगदी कोंबडीतसुद्धा त्या पुन्हा येतात असं सांगितल्यावर अण्णा किती दिवसांनी हसले! "कोंबडी नशिबाची," म्हणाले. खरं तोंडावर सांगूनही समोरच्याला लहान वाटू न देणारी माणसं असतात. अशी माणसं गरिबाच्या वाट्याला क्वचित येतात, म्हणून हे चारचौघांत सांगावंसं वाटलं. उकाडा तुम्हालाही होत होता. अजून पन्नास पेशंट बाहेर बसले होते. पंखा चालू ठेवून, चार प्रश्न मला विचारून तुम्ही आम्हाला वाटेला लावलं असतं तरी तुम्हाला कुणी बोल लावला नसता.

माझा चुलतभाऊ अजून मागावर आहे, रात्रपाळीला. तुम्ही दिलेले कानातले स्पंजचे बोळे त्याला दिले. आधी ऐकेना. मागात बिघाड झाला की आवाजावरून कळतं, कान बंद करून काम कसं करायचं, हे त्याचं म्हणणं. बोळे घातले तरी मागाचा आवाज कळतो, फक्त त्याचा मारा कमी होतो, हे तुमचं सांगणं मी त्याला पटवलं. आता घालतो. त्याच्या शेडमधले आणखी दोघं तपासायला तयार झालेत. पुढच्या महिन्यात तिघांना घेऊन येते. अण्णाही येतो म्हणतायत, मशीनचा उजवा साचा जरा टोचतोय.